परमिट रूम माझी, मग सिगारेटचा निर्णय माझा का नाही?

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची परमिट रूम आहे. वडिलांनी १९८६ साली जागा विकत घेतली. भाडं नाही, भागीदार नाही, सगळे कागद आमच्या नावावर. आठ टेबलं, अठ्ठावीस खुर्च्या. संध्याकाळी बसणारं गिऱ्हाईक जुनं आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पेगाबरोबर सिगारेट लागते. गेल्या महिन्यात पोलीस आले, चौघांच्या दोनशे-दोनशेच्या पावत्या फाडल्या आणि मलाही दंड लावला. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात साठेक खुर्च्या आहेत. त्यांनी काचेची स्मोकिंग रूम केली आहे, तिला कोणी हात लावत नाही. माझी माणसं आता तिकडे वळायला लागलीत. मी कोणाला हाताला धरून आत आणत नाही. दारावर 'इथे धूम्रपान चालते, ज्यांना त्रास होतो त्यांनी आत येऊ नये' अशी ठळक पाटी लावायची माझी तयारी आहे. आमचे वकील म्हणतात, मालमत्तेच्या हक्कावर हायकोर्टात जाऊ. मुलगी नर्सिंगला आहे, ती म्हणते, 'बाबा, सिगारेट बंदच करा.' घरात रोज वाद होतो. तुमचं मत काय?
– एक परमिट रूममालक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

वकीलपत्रावर सही करण्याआधी पत्र टाकलंत हे बरं केलंत. आधी उत्तर देतो, मग कारणं. मालमत्तेच्या हक्कावर हायकोर्टात जाऊ नका. ती केस तुम्ही हराल, आणि तुमच्या पत्रातली जी तक्रार खरोखर ऐकून घेण्याजोगी आहे, तीही त्यात वाया जाईल. ती तक्रार समोरच्या काचेच्या खोलीची. तिच्याकडे येतोच.

खरेदीखत, उतारा, घरपट्टीच्या पावत्या तुम्ही काढून ठेवल्या असतील. पण जागा तुमची नाही असं कोणी म्हणतच नाहीये. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात, तो मालक कोण हे बघत नाही. लोकांचा तिथे वावर आहे का, एवढंच बघतो. लोक हक्काने येवोत की तुमच्या मर्जीने, वावर असला की ती जागा त्या कायद्यापुरती सार्वजनिक. उपाहारगृहांचं नाव कायद्यातच आहे. मागाहून आलेल्या २००८ च्या नियमांनी पब, बार, डिस्कोथेक, कॅन्टीन, बँक्वेट हॉल असं सगळं उपाहारगृहाच्या व्याख्येत घातलं, आणि भोवतालची मोकळी जागासुद्धा. त्यामुळे मागच्या अंगणात पत्रा टाकून दोन बाकडी ठेवायचा बेत मनात असेल (बहुतेक मालकांच्या असतो) तर तोही सोडून द्या.

राहिली राज्यघटना. मालमत्तेचा हक्क ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ सालीच मूलभूत हक्कांच्या यादीतून बाहेर गेला. आता तो कलम ३००-अ मध्ये आहे, आणि त्याचं म्हणणं एवढंच की कायद्याच्या आधाराशिवाय सरकारने कोणाची मालमत्ता काढून घेऊ नये. तुमची वीट कोणी हलवलेली नाही, आणि कायद्याचा आधार तर आहेच. मग वकीलसाहेब कलम १९ मधल्या व्यवसायाच्या स्वातंत्र्याकडे वळतील. तिथेही जनहितासाठी वाजवी बंधनं घालायची मुभा सरकारला आहे. शिवाय तुमचा धंदा दारूचा. दारूच्या व्यापाराचा मूलभूत हक्क कोणालाच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलेलं आहे. थोडक्यात, ज्या पायावर उभं राहून तुम्ही 'माझा बार, माझा निर्णय' म्हणणार, तो पायाच सरकारने वर्षाच्या बोलीवर दिलेला परवाना आहे.

नाहीतरी तुमच्या परमिट रूममध्ये तुमच्या मर्जीने काय चालतं हो? पंचविशीच्या आतल्या पोराला व्हिस्की देता येत नाही. पिणाऱ्याकडेसुद्धा परवाना लागतो. एक्साईजने मंजूर केलेल्या नकाशाबाहेर टेबल टाकता येत नाही. मतदान असो की गांधी जयंती, शटर खाली. हे सगळं तुम्ही आणि तुमच्या वडिलांनी इतकी वर्षं निमूट पाळलं, त्यात मालमत्तेचा हक्क कधी आडवा आला नाही. गंमत म्हणजे सार्वजनिक धूम्रपानबंदीचे नवे नियम देशभर लागू झाले तो दिवसही २ ऑक्टोबर, साल २००८. आपल्याकडे त्या दिवशी ड्राय डे, म्हणजे बंदीच्या पहिल्या संध्याकाळी राज्यातल्या परमिट रूमना कुलूपच होतं.

त्या वेळी तुमच्याहून तगडे लोक कोर्टात गेले होते, हेही वकिलांना आठवून द्या. सिगारेट कंपनी होती, हॉटेलवाल्यांच्या संघटना होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नियमांना स्थगिती दिली नाही. त्याआधी २००१ मध्ये मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने दवाखाने, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, कचेऱ्या, रेल्वे आणि बस इथे धूम्रपान बंद करायला सांगितलं होतं. ओढणाऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्याचा जगण्याचा हक्क मारला जाऊ नये, असा त्या आदेशाचा रोख होता. उपाहारगृहं आणि बार तेव्हा त्या यादीत नव्हते. ते कायद्याने आणि नियमांनी आले.

आता पाटीचा मुद्दा. तुमच्या पत्रातला हा सगळ्यात दमदार युक्तिवाद आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. जाणत्या माणसाने दारावरची पाटी वाचली, आत काय आहे ते त्याला कळलं, तरीही तो आला, तर सरकारने मध्ये का पडावं? जगभरचे पबमालक हेच विचारत आलेत. फक्त गिऱ्हाइकापुरतं बोलायचं तर मला यात बरंच तथ्य वाटतं. ज्याला धूर नको त्याने दुसरा बार धरावा, तालुक्याला चार असतात.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात टेबलं आहेत, खुर्च्या आहेत, जुनी गिऱ्हाइकं आहेत, समोरचा हॉटेलवाला आहे, पोलीस आहेत. वेटर एकही नाही. आठ टेबलांना दोन-तीन पोरं तरी असतील, शिवाय भटारखान्यात एखादा आचारी आणि गल्ल्यावर तुम्ही स्वतः. गिऱ्हाईक दीड तास बसून घरी जातं. पोरगा दुपारपासून बंद होईपर्यंत त्याच हवेत असतो, आणि बऱ्याच ठिकाणी रात्री तिथेच टेबलं बाजूला सारून अंथरूण टाकतो. पाटी त्यानेही वाचलेली असते, पण परत फिरून तो जाणार कुठे? पगार तिथला, जेवण तिथलं, झोपणंही तिथलंच. २००८ च्या नियमांत कामाच्या जागांचा वेगळा उल्लेख आहे तो अशांसाठीच.

आयर्लंडने तर सगळा कायदाच या बाजूने मांडला. २९ मार्च २००४ पासून तिथे बंद छपराखालच्या कामाच्या जागी धूम्रपान बंद झालं, आणि पब ही बारमनची कामाची जागा असल्यामुळे पबही त्यात आले. पब म्हणजे तिकडची चावडी. तो बुडेल, गावपण बुडेल, अशी ओरड पबमालकांनी भरपूर केली. पुढे संशोधकांनी बारमध्ये काम करणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या लोकांच्या लाळेतलं कोटिनिन बंदीआधी आणि नंतर मोजलं. शरीरात निकोटीन गेल्याची खूण म्हणजे कोटिनिन. ते सुमारे ८० टक्क्यांनी खाली आलं होतं. शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बंदी नव्हती, तिथली घट साधारण २० टक्के. जे स्वतः सिगारेट ओढत नव्हते त्यांच्या अंगातलं हे निकोटीन. तुमच्या वेटरांची अशी तपासणी कोणी केलेली नाही, करणारही नाही. पण मुलगी नर्सिंगला आहे ना, तिला विचारा. ती हेच सांगायला बघत असेल आणि तुम्ही वाद घालत असाल.

'एक्झॉस्ट फॅन लावला आहे' असं आता म्हणू नका. पंख्याने वास कमी होतो, धूर विरळ दिसतो. त्याच हॉलमध्ये सिगारेट पेटती राहिली तर विषारी कण आणि वायू हवेत राहतातच.

कोर्टात मालक कधीच जिंकत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही, आणि तुमच्या वकिलांनी बहुधा याच निकालाचं नाव तुमच्या कानावर घातलं असेल. मुंबई महापालिकेने खाद्यगृहांच्या परवान्यात हुक्का बंद करणाऱ्या अटी घातल्या होत्या. नरिंदर चढ्ढा आणि इतर मालक लढले आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. का जिंकले ते नीट बघा. 'जागा आमची' म्हणून जिंकले नाहीत. केंद्राचा कायदा मोठ्या उपाहारगृहांना स्मोकिंग रूमची मुभा देतो, ती मुभा महापालिका परवान्याच्या अटीतून काढून घेऊ शकत नाही, म्हणून जिंकले. पुढे २०१७ मध्ये केंद्राने नियम बदलून स्मोकिंग रूममध्ये कसलीच सेवा देता येणार नाही असं केलं. त्याच वर्षी २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर मुंबईतल्या कमला मिलमधल्या रेस्टोबारना आग लागून १४ माणसं गेली, अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यातच दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली. चार वर्षांच्या आत कोर्टातला विजय कागदावर राहिला. मालकांनी जे कमावलं होतं ते कायद्याने दिलेलं होतं, त्यामुळे कायद्याने ते परतही घेतलं.

आता समोरची काचेची खोली. इथे मी तुमच्या बाजूचा आहे.

कायदा म्हणतो, तीस किंवा अधिक माणसांची बसायची सोय असलेल्या उपाहारगृहाला, तीस खोल्यांच्या हॉटेलला आणि विमानतळाला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येईल. अठ्ठावीस खुर्च्यांच्या मालकाला नाही. यामागे आरोग्याचं काय कारण आहे ते मला आजवर कळलेलं नाही. तीस खुर्च्यांच्या हॉटेलातल्या वेटरची फुप्फुसं काही जास्त मजबूत नसतात. जागा आणि पैसा असलेल्याला सवलत मिळाली, लहान माणसाला पावती. जर्मनीत हाच प्रश्न २००८ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयापुढे आला होता. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बर्लिन या राज्यांनी पबमध्ये बंदी आणली, पण स्वतंत्र खोली करू शकणाऱ्यांना सूट ठेवली. नाक्यावरच्या एका खोलीच्या पबना दुसरी खोली काढायला जागाच नव्हती. न्यायालयाने ३० जुलै २००८ रोजी सांगितलं की ही विषमता चालणार नाही. सगळ्यांना सरसकट बंदी करायची तर करा, ती घटनेत बसते. सूट ठेवायची असेल तर लहानांचाही विचार करा. तोपर्यंत ७५ चौरस मीटरच्या आतल्या, शिजवलेलं अन्न न देणाऱ्या, फक्त प्रौढांना प्रवेश असलेल्या पबना तात्पुरती सवलत दिली. पुढे बव्हेरियात २०१० मध्ये लोकांनीच सार्वमत घेऊन कडक बंदी निवडली, बिअरच्या मोठ्या तंबूंपासून छोट्या पबपर्यंत सगळ्यांना एकच.

जर्मन निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. पण तुमचं गाऱ्हाणं तिथे नेमकं मांडलेलं आहे. फक्त त्यातून काय मागायचं हे तुम्ही ठरवा. 'मलाही ओढू द्या' ही एक मागणी, 'समोरच्याचीही खोली बंद करा' ही दुसरी. दुसरी मागणी तुमच्या धंद्याला जास्त फायद्याची आहे, कारण सगळीकडेच बंद झालं की गिऱ्हाइकाला रस्ता ओलांडायचं कारण उरत नाही. २०२१ च्या सुरुवातीला लोकांच्या हरकतींसाठी ठेवलेल्या केंद्राच्या मसुद्यात या स्मोकिंग रूमची तरतूदच काढून टाकायचं सुचवलं होतं. तुमच्या जिल्ह्यातल्या परमिट रूममालकांच्या संघटनेत लहान बारवाले बहुसंख्य असणार. कोर्टाच्या फीचे पैसे वाचवून तिथे एक ठराव मांडा. माझा कौल विचाराल तर सरसकट बंदीला आहे.

'मग दोन खुर्च्याच वाढवतो' असा विचार तुमच्या मनात येऊन गेला असणार. येऊ दे, हिशेब करून बघू. खोली चारही बाजूंनी पार छतापर्यंत भिंतींची लागते, दार आपोआप मिटणारं, आतली हवा थेट बाहेर फेकणारी यंत्रणा, ती हवा हॉलमध्ये परत यायला नको, आणि खोली यायच्या-जायच्या दारापाशी नको. आत दारू नाही, चखणा नाही, वेटरने काही आणून द्यायचं नाही. गिऱ्हाईक ग्लास बाहेर ठेवून आत जाणार, उभ्याउभ्या ओढणार आणि परत येणार. आठ टेबलांच्या हॉलमधून एवढी खोली काढली तर दोन टेबलं तरी जातील, म्हणजे तीस खुर्च्या व्हायच्या ऐवजी बाविसावर याल. शिवाय नकाशा बदलला म्हणून एक्साईजच्या पायऱ्या झिजवणं आलं. समोरच्याच्या खोलीत हे सगळं नियमाप्रमाणे आहे का, हाही प्रश्नच आहे. तिथे टेबल लावून पेग दिले जात असतील तर ते बेकायदा चाललंय, आणि तशी तक्रार करायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. शेजाऱ्याशी वैर घ्यायचं की नाही हे मात्र तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही.

'दोनशे रुपयांचाच दंड आहे, भरत राहू' हा तिसरा मार्ग सगळ्यात जास्त वापरला जातो. एका माणसाला दोनशे काहीच नाहीत, खरं आहे. पण नियम मालकाला जबाबदार धरतात. तक्रार येऊनही मालकाने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितक्या पटीचा दंड मालकाच्या डोक्यावर बसतो. गजबजलेल्या शनिवारी हे गणित दोनशेवर थांबत नाही. आणि दरवर्षी परवान्याच्या नूतनीकरणाला एक्साईजच्या दारात उभं राहणाऱ्या माणसाने पोलिसांच्या पावत्यांचा गठ्ठा जमवू नये, असं मला वाटतं.

गिऱ्हाइकं तुटतील ही भीती मी समजू शकतो. पण तुमच्या मनातला आकडा जरा तपासून घ्या. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, पुरुषांतच मोजले तरी ६ टक्के. आपल्याकडे तंबाखू आहे ती मळण्याची, चघळण्याची, मिश्रीची. बारमध्ये ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त असणार हे उघड आहे, तरी आठही टेबलं ओढणाऱ्यांची नसतात. धुरामुळे न येणारे, बायको-मुलांना घेऊन फॅमिली रूमवाल्या हॉटेलात जाणारे तुमच्या वहीत दिसत नाहीत, कारण ते आलेलेच नसतात.

जुन्या मंडळींना तोंडाने सांगा, एकेकाला, सातच्या आधी, दुसरा पेग पोटात जाण्याआधी. 'पोलिसांनी पावती फाडली, माझा इलाज नाही' एवढं पुरतं. आढेवेढे घेणारा एखादा निघेलच, त्याला कायदा शिकवू नका. ग्लास टेबलावर ठेवून रस्त्यापर्यंत जाऊन ये, टेबल तुझंच राहील, एवढा शब्द द्या आणि पाळा. ग्लास घेऊन मात्र दाराबाहेर जाऊ देऊ नका, तो वेगळा गुन्हा होईल. आज रात्रीच सगळे अ‍ॅश-ट्रे उचला. टेबलावर अ‍ॅश-ट्रे, काडेपेटी, लायटर ठेवणं मालकाला मना आहे, आणि पोलीस आत आल्यावर आधी तेच बघतात. टपरीवरून सुटी सिगारेट आणायला वेटरला पिटाळणंही थांबवा. सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, आणि पोरगा सापडला तर नाव तुमच्या बारचं येईल.

दारावरची पाटी लावाच, पण तुम्ही योजलेली नव्हे. ६० बाय ३० सेंटिमीटरची, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, धूम्रपान निषिद्ध असल्याची खूण आणि इथे धूम्रपान हा गुन्हा आहे असा मजकूर. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नावही लोकांना दिसेल असं लावावं लागतं. बऱ्याच बारमध्ये तिथे एखाद्या वेटरचं किंवा नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचं नाव असतं. तुमच्या पाटीवर तुमचं नाव घाला. पंधरा वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाला 'साहेब, सिगारेट विझवा' असं सात-आठ हजारांवरच्या पोराने सांगायचं आणि वर शिव्या खायच्या, हे बरोबर नाही. ते काम गल्ल्यावरून उठून तुम्ही करायचं.